गाडी घसरते, पण टिकत नाही: फोर्झामधल्या ड्रिफ्टविषयी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फोर्झा होरायझन 5 या गाड्यांच्या गेममध्ये तीन महिने, रोज तीन-तीन तास ड्रिफ्टचा, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळण घेण्याचा, सराव चालू आहे. हातात एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर, गॅरेजमध्ये हजार हॉर्सपॉवरची सुप्रा, तिच्यावर कुणाचं तरी उतरवून घेतलेलं ट्यूनिंग. आणि तरी हँडब्रेक ओढला रे ओढला की गाडी गरकन फिरते आणि आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. शेवटी विचारलंयस, बाबांच्या मागे लागून स्टिअरिंग व्हील घेऊ का? तू अकरावीत आहेस, इंदूरचाच आहेस, माझी मुलगी तुझ्याच वयाची. तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

मी दिवसा पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात असतो. संध्याकाळी रामबागेत घरामागच्या खोलीत तीन स्टिअरिंग आणि चार कंट्रोलर मांडून बसतो. आसपासची मुलं येतात, काही जण आता नोकरीला लागून मग येतात. ड्रिफ्ट शिकायला जो येतो तो जवळजवळ नेहमी तुझीच तक्रार घेऊन येतो, आणि जवळजवळ नेहमी चूक हँडब्रेकवर टाकतो.

हँडब्रेकची चूक नाही. गाडी घसरवणं तुला जमतंय, अगदी पहिल्या दिवसापासून जमत असणार. जमत नाहीये ते घसरत ठेवणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट हँडब्रेकने होतच नाही.

लहानपणी सायकलचा मागचा ब्रेक करकचून दाबून खडीवर शेपूट फिरवली असशील. तोच तुझा हँडब्रेक. चाक जाम झालं, मागची बाजू सुटली, सायकल अर्धवट फिरली आणि थांबली. कुणाचीही सायकल तशी घसरत अख्ख्या गल्लीभर गेलेली नाही, कारण सायकलच्या मागच्या चाकाला घसरत ठेवणारं इंजिन नसतं. गाडीला असतं. ड्रिफ्ट सुरू कशानेही होऊ दे, हँडब्रेकने, क्लचला लाथ मारून, ब्रेकने. पुढे तो चालतो तो फक्त रेसवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर. तू नेमकी तिथेच रेस सोडतोस. हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला खात्री आहे. टेलिमेट्री, म्हणजे रेस-ब्रेक किती दाबलाय ते दाखवणाऱ्या पट्ट्या, उघडून चालवतानाचा व्हिडिओ घे, आणि गाडी फिरायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात रेसची पट्टी कुठे आहे बघ. शून्यावर असेल.

रेस सोडल्यावर काय होतं ते नीट समजून घे, बाकीचं सगळं त्यातून निघतं.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार समज. त्यातूनच किराणा, त्यातूनच भाडं. गाडीला पुढे ढकलणं किंवा थांबवणं हा एक खर्च, वळणावर आडवं धरून ठेवणं हा दुसरा. मागच्या चाकांना तू इतकी रेस दिलीस की ती जागच्या जागी भिरभिरू लागली, म्हणजे बहुतेक पगार एकाच खर्चात उडवलास. आडव्या पकडीला थोडं उरलं, म्हणून मागची बाजू बाहेर जाते. रेस वाढवली की ती आणखी बाहेर जाते, थोडी कमी केली की परत आत येते. ड्रिफ्टमध्ये गाडी किती तिरकी राहणार हे प्रामुख्याने उजव्या ट्रिगरवर, म्हणजे कंट्रोलरवरच्या रेसवर ठरतं. हँडब्रेकने चाक जाम होतं तेव्हाही पगार असाच संपतो, फक्त तो परत कमी-जास्त करायची सोय राहत नाही. म्हणून हँडब्रेक ही टिचकी आहे. ओढला, सोडला. धरून बसायची वस्तू नाही.

आता रेस एकदम सोडलीस. तत्क्षणी दोन गोष्टी घडतात. गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यात इंजिनचा ब्रेक लागतो. म्हणजे ज्या चाकांना आधीच पकड नाही त्यांची उरलीसुरली पकडही जाते. पुढच्या चाकांना मात्र वजन मिळाल्यामुळे ती घट्ट रोवतात. पुढचं टोक रोवलेलं, मागचं मोकळं, गाडी फिरणारच. ही तुझी गिरकी. कधीकधी याच्या उलटही होतं: चाकांचं भिरभिरणं थांबतं, ती रस्त्याच्या वेगाशी जुळतात, सगळी पकड एका झटक्यात परत येते, आणि तू तेव्हा उलट स्टिअरिंग (वळणाच्या विरुद्ध बाजूला) देऊन बसलेला असल्यामुळे गाडी हिसका मारून दुसऱ्या बाजूच्या भिंतीत जाते. दोन अपघात दिसायला वेगळे, पण मूळ एकच. घाबरून बोट उचललं.

घाबरणं नैसर्गिक आहे. खऱ्या रस्त्यावर गाडी घसरली तर आपल्यापैकी प्रत्येक जण पाय काढतो. गेममध्ये ही सवय मोडायची आहे आणि ती वाचून मोडत नाही. मी स्वतः 2003 च्या नीड फॉर स्पीड अंडरग्राउंडमध्ये कीबोर्डवर ड्रिफ्टच्या शर्यती जिंकून स्वतःला उस्ताद समजत होतो. पुढे असेटो कोर्सा हातात आला तेव्हा तीन आठवडे मी फक्त गिरक्या घेतल्या. जुन्या गेममध्ये माझ्या चुका गेमच सावरून घेत होता, हे तेव्हा कळलं.

म्हणूनच कुठला गेम, यावर बरंच अवलंबून आहे. मोबाइलवरच्या ऍस्फाल्टमध्ये ब्रेकला टिचकी दिली की गाडी ठरवून दिल्यासारखी आडवी होते. तिथे वर सांगितलेलं काही लागू नाही आणि तिथलं कौशल्य दुसरीकडे उपयोगी पडत नाही. इटलीच्या कुनोस कंपनीचा असेटो कोर्सा दुसऱ्या टोकाला आहे, टायरच्या बाबतीत कडक आणि कंट्रोलरवर बऱ्यापैकी निर्दयी. फोर्झा होरायझन मधोमध आहे: टायर खऱ्यासारखे वागतात, पण कंट्रोलरवाल्याला गेम गुपचूप थोडी मदत करतो. शिकायला मला तोच बरा वाटतो. तुझा गेम बदलायची काही गरज नाही.

गाडी मात्र बदल. हे तुला आवडणार नाही.

कंट्रोलरचा ट्रिगर दाबून दाबून किती दाबला जातो? जेमतेम सेंटिमीटरभर. हजार हॉर्सपॉवर त्यात कोंबल्यास तर बोटाच्या प्रत्येक मिलिमीटरला ढोबळमानाने शंभर हॉर्सपॉवर आले. एवढ्या बारीक बोटाने वीणा वाजवणारे असतील, अकरावीतली मुलं नसतात. साडेतीनशेची गाडी घेतलीस तर तोच मिलिमीटर पस्तीसचा होतो आणि चूक सुधारायला अवधी मिळतो. ज्या गाडीमुळे ड्रिफ्टचं नाव जगभर झालं ती टोयोटाची एई86, 1983 ते 1987 च्या दरम्यान बनलेली, 1.6 लिटरचं इंजिन आणि ताकद सुमारे 130 हॉर्सपॉवर. 1970 च्या दशकात जपानी रेसर कुनिमित्सु ताकाहाशी शर्यतीत गाडी आडवी घालून वळणं घ्यायचा. त्याला पाहून केइइची त्सुचिया डोंगरी घाटांत तसं चालवायला शिकला आणि पुढे त्याला ड्रिफ्ट किंग म्हणू लागले. त्याच्या एई86 ची ताकद थोडी, म्हणून वजन कधी पुढे, कधी बाजूला झुकवायचं याचा हिशोब त्याला शिकावाच लागला. हजार हॉर्सपॉवरवाल्याला तो शिकावा लागत नाही, म्हणून तो शिकत नाही.

निसान सिल्व्हिया घे, एस13 पासून एस15 पर्यंत कुठलीही, किंवा जुनी माझ्दा एमएक्स-5. गाडी मागच्या चाकांवरच चालणारी राहू दे, चारही चाकांची करू नकोस. ताकद तीनशे ते चारशेच्या मध्ये. बदल फक्त तीन: ड्रिफ्टचं सस्पेन्शन, कारण त्याने पुढची चाकं जास्त वळतात आणि गाडी फार तिरकी झाली तरी उलट स्टिअरिंग पुरतं, ड्रिफ्टचा डिफरन्शियल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र सुटतील, आतलं एकटं भिरभिरणार नाही, आणि ड्रिफ्टचे टायर. कॅम्बर, टो, स्प्रिंग, हवेचा दाब, कशालाही हात लावू नकोस. दुसऱ्याचं ट्यूनिंग म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. त्याच्या डोळ्यांना बरोबर असेल.

सेटिंगचं भराभर सांगतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, स्टॅबिलिटी कंट्रोल बंद. हे दोन्ही चालू असतील तर गेम तुझा ड्रिफ्ट चोरून थांबवत असतो. स्टिअरिंग सिम्युलेशनवर ठेवू नकोस, त्याच्या आधीच्या पर्यायावर ठेव. लोक काहीही म्हणोत, अंगठ्याने चालवणाऱ्याला ती मदत लागते. एबीएस कसाही चालेल. गिअर मॅन्युअल, यात तडजोड नाही: ऑटोमॅटिक असेल तर चाकं भिरभिरली की गेमला वाटतं वेग वाढला, तो वरचा गिअर टाकतो आणि ऐन वळणात दम जातो. स्टिकचा आतला डेडझोन, म्हणजे स्टिक हलवूनही गाडी वळत नाही ती मधली जागा, जितका कमी करता येईल तितका कर, पण सोडल्यावर गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागेल इतका नको. कंट्रोलरचं व्हायब्रेशन चालू ठेव, मागची चाकं सुटल्याचं ट्रिगरखालच्या बोटाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. टीव्हीवर खेळत असशील तर टीव्हीचा गेम मोड लाव. एका मुलाला मी महिनाभर बोलत होतो की तू उशिरा सावरतोस. उशीर टीव्ही करत होता.

आता सराव. डोंगरातल्या नागमोडी रस्त्यावर जाऊ नकोस, गेममधल्या ड्रिफ्टचे गुण मोजणाऱ्या ड्रिफ्ट झोनवर तर मुळीच नको. मोठं रिकामं पार्किंग किंवा धावपट्टी शोध आणि एका खांबाभोवती गोल फिर. बस. मुलांना हे ऐकून कंटाळा येतो. आपल्या पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे ना, गाड्या तपासायची सरकारी जागा, जिथला 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला? बातम्यांत लोकांना तो लांबलचक ट्रॅकच दिसतो. पण गाडीचा वळणावरचा स्वभाव कळतो तो मोकळ्या डांबरावर गोल फिरवून. त्यासाठी आयएसओ 4138 नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणच आहे: स्थिर वर्तुळात गाडी चालवा आणि ती काय करते ते मोजा. इंजिनिअर लोक जे वर्तुळात शोधतात तेच तुला शोधायचं आहे, फक्त त्यांना गाडी घसरू नये असं वाटतं आणि तुला घसरावी असं.

दुसऱ्या गिअरमध्ये खांबाभोवती सावकाश फिरायला लाग. हँडब्रेकला हात लावू नकोस. रेस वाढवत ने, मागची बाजू सुटेल. सुटली की स्टिअरिंग उलट दिशेला जाऊ दे आणि रेस तिथेच धर. गिरकी बसेल. बसू दे. पहिल्या दिवशी तीस-चाळीस बसतील. तुझं लक्ष एकाच गोष्टीवर: गाडी जास्त तिरकी व्हायला लागली तर रेस थोडी कमी, सरळ व्हायला लागली तर थोडी जास्त. ट्रिगर पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. मकरसंक्रांतीला पतंग उडवतोस ना? वारा वाढला की मांजा हातातून टाकून देत नाहीस, ढील देतोस. पतंग झुकला की करकचून ओढत नाहीस, दोन बोटं खेचतोस. रेस म्हणजे तो मांजा.

इंजिनचा आवाज ऐकायला शिक. भुर्र-भुर्र करत वरच्या टोकाला आपटतोय, तर गिअर लहान पडतोय, एक वर टाक. घोगरा होऊन बसतोय, तर मोठा पडतोय, एक खाली. ड्रिफ्ट चालू असताना आवाज एका सुरात राहिला तर समज बोट स्थिर आहे. माझ्याकडे एक मुलगा तबला शिकणारा आहे, तो हे चार दिवसांत शिकला. स्क्रीन न बघता, आवाजावर.

अंगठ्याचं दुखणं वेगळं. नवीन मुलगा स्टिक एका टोकावरून दुसऱ्या टोकावर फेकतो. अर्धं जग मध्ये आहे हे त्याला माहीतच नसतं. एक युक्ती: गाडीचं नाक कुठे आहे ते बघू नकोस, तुला जिथे जायचं आहे तिकडे बघ आणि पुढची चाकं त्या दिशेला राहू देत. मागची बाजू कितीही फिरली तरी पुढची चाकं जायच्या दिशेलाच. उलट स्टिअरिंग असं काही वेगळं द्यायचं नसतंच. चाकं रस्त्याकडे धरून ठेवलीस की ते आपोआप उलट होतं. कॅमेरा बाहेरचा ठेव, आतून कंट्रोलरवर अंदाज येत नाही.

डावीकडे न थांबता दहा फेऱ्या झाल्या की उजवीकडे. एक बाजू नेहमी कच्ची असते, जशी लिहिणारा हात आणि दुसरा हात. कच्च्या बाजूला दुप्पट वेळ दे. दोन्ही जमल्यावर दोन खांबांभोवती इंग्रजी आठाचा आकार काढ. इथे नवीन गोष्ट येते, एका बाजूचा ड्रिफ्ट दुसऱ्या बाजूला पलटवणं. गाडी तेव्हा झोपाळ्यासारखी वागते. झोपाळा मधून जाताना सगळ्यात वेगात असतो, आणि बहुतेक जण तिथेच गडबडतात: गाडी सरळ झाली म्हणजे संपलं असं समजून अंगठा ढिला सोडतात, आणि ती दुसऱ्या बाजूला धाडकन जाते. पलटवताना रेस क्षणभर हलकी कर, गाडी मधोमध यायच्या आधीच स्टिक दुसऱ्या बाजूला निघालेली असू दे, आणि मागची बाजू पलीकडे पोचताच रेस परत. एका वाक्यात लिहिलं, पण याला तुला आठवडा लागेल. काहींना महिना लागला.

मग वळण. तिसरा गिअर, एकच वळण, तेच तेच वीस वेळा. आत शिरताना आता हँडब्रेकची टिचकी चालेल. त्याहून चांगलं म्हणजे वळणाआधी गाडी किंचित उलट दिशेला झुकवून मग आत टाकणं, फिन्लंड-स्वीडनकडच्या रॅलीवाल्यांची जुनी चाल. वजन झोक्यासारखं येतं आणि मागची बाजू स्वतःहून सुटते. गेममध्ये मागे जायचं बटण आहे, रिवाइंड, त्याचा मोह आवर. ते दाबलं की तू चुकीच्या आधीच्या सेकंदाला परत जातोस, पण खरी चूक बहुधा त्याच्या तीन सेकंद आधी, शिरतानाच झालेली असते. आणि स्कोअरचे आकडे शक्य असेल तर दिसणार नाहीत असं कर. स्कोअर गाडी जास्त तिरकी करायला शिकवतो, तुला आधी कमी तिरकी आणि जास्त वेळ शिकायची आहे.

दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. त्यानंतर अंगठा तेच चुकीचं पाठ करायला लागतो. तुझ्यासारखे तीन-तीन तास बसणारे मला वीस मिनिटांवाल्यांच्या मागे पडलेले दिसतात.

आणि एक, विचारलं नाहीस तरी. सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर रात्री घरची गाडी घेऊन यातलं काही करून बघायचं नाही. पोलीस वगैरे सोड. मारुती-ह्युंदाईच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या चाकांना इंजिनच नाही, म्हणजे ती पुन्हा तीच खडीवरची सायकल, फक्त टनभर वजनाची आणि आत माणसं बसलेली.

राहिला स्टिअरिंग व्हीलचा प्रश्न. आत्ता घेऊ नकोस. लॉजिटेकचं जी29 चांगलं यंत्र आहे, 900 अंश फिरतं, माझ्याकडे आहे. पण व्हीलवर ड्रिफ्ट शिकणं म्हणजे परत पहिलीत बसणं. मागची बाजू सुटली की ते हातातून स्वतःच उलट फिरतं आणि तुला ते सोडून द्यायला आणि योग्य जागी पकडायला शिकावं लागतं. कंट्रोलरवर जो रेस सोडतो तो पेडलवरही सोडतो, पाय तर बोटापेक्षा जड. शिवाय व्हील टेबलाला घट्ट बसलं नाही तर ते टेबलासकट फिरतं. रामबागेतल्या खोलीतलं माझं पहिलं टेबल असंच गेलं. तुला पुढे असेटो कोर्साकडे जायचंच असेल, खोलीत ते कायम लावून ठेवायला जागा असेल आणि वर्षभराने आवड टिकलेली असेल, तर बाबांना विचार. तोवर सिल्व्हिया, दुसरा गिअर आणि एक खांब. दोन्ही बाजूंना दहा-दहा फेऱ्या सलग निघाल्या की टेलिमेट्री चालू ठेवून व्हिडिओ पाठव. मी रेसची पट्टी बघेन, गाडी नाही.